घरगुती क्रीम आणि हेअर कंडिशनरसाठी प्रिझर्वेटिव्ह कसे निवडावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधल्या मराठी घरांत हौसेने क्रीम, लोशन आणि कंडिशनर करणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि पावसाळा सुरू झाला की त्यांच्याकडून येणारे प्रश्नही वाढतात. त्यांतले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत दिलेली सर्व टक्केवारी तयार होणाऱ्या संपूर्ण मिश्रणाच्या वजनावर आहे, त्यातील पाण्याच्या किंवा तेलाच्या वजनावर नाही.

१. मी क्रीम विकत नाही, घरापुरतेच करते. तरीही प्रिझर्वेटिव्ह घालायलाच हवे का?

क्रीममध्ये पाणी असेल तर हवेच. साध्या क्रीममध्ये साठ ते ऐंशी टक्के पाणी असते, आणि पाण्यासोबत तेल, ग्लिसरीन किंवा वनस्पतींचा अर्क मिळाला की जिवाणू, यीस्ट आणि बुरशी या तिघांनाही वाढायला हवे ते सगळे मिळते. चमचाभर विरजण जसे पातेलेभर दुधाला पुरते, तसे बोटाला चिकटून आलेले थोडेसे जिवाणू अख्ख्या बरणीला पुरतात. त्यात आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये खोलीतले तापमान त्यांना अगदी मानवणारे असते. घरच्या वापराने धोका कमी होत नाही, कारण क्रीम शेवटी भेगा पडलेल्या टाचेवर, दाढी केलेल्या गालावर किंवा डोळ्याजवळच लावले जाते. सुडोमोनस नावाचा जिवाणू डोळ्यात गेला तर बुबुळाला गंभीर इजा होऊ शकते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ग्रॅममागे लाखभर जिवाणू असलेले क्रीमही दिसायला पांढरेशुभ्र आणि वासाला चांगले असू शकते, त्यामुळे “खराब झाले की टाकून देऊ” हा विचार पुरेसा नाही.

२. कोणत्या गोष्टींना प्रिझर्वेटिव्ह लागत नाही?

ज्यांत पाणी अजिबात नाही त्यांना लागत नाही : केसांचे तेल, मेण आणि तेलाचा बाम, शिया बटर, कोरडे उटणे. दिवाळीचे उटणे कोरडे ठेवून लागेल तेवढेच भिजवण्याची आपली पद्धत या दृष्टीने अगदी योग्य आहे. मात्र साखरेचा स्क्रब न्हाणीघरात ओल्या हाताने वापरला जातो, त्यामुळे कागदावर तो पाण्याविना असला तरी त्यात प्रिझर्वेटिव्ह घालणे शहाणपणाचे ठरते, आणि तेही तेलात विरघळणारे असावे लागते.

३. व्हिटॅमिन ई घातले आहे. ते प्रिझर्वेटिव्हच आहे ना?

नाही. व्हिटॅमिन ई आणि रोजमेरीचा अर्क हे अँटिऑक्सिडंट आहेत. ते तेलाला हवेशी संयोग होऊन खवट होण्यापासून वाचवतात, पण जिवाणू किंवा बुरशी रोखत नाहीत. चांगल्या क्रीममध्ये दोन्ही असावीत, पण एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

४. कडुनिंब, हळद, कापूर, टी ट्री तेल यांत जंतुनाशक गुण आहेत. मग वेगळे रसायन कशाला?

त्यांत काही प्रमाणात तसे गुण आहेत, पण प्रश्न प्रमाणाचा आहे. टी ट्री तेलाने क्रीम टिकवायचे झाले तर ते इतके घालावे लागेल की त्वचेची आग होईल, आणि त्वचेला सोसेल इतकेच घातले तर बुरशीला अडवण्याइतके ते उरत नाही. कडुनिंबाचा काढा आणि हळदीचे पाणी तर उलटच काम करतात, कारण त्यांतून वनस्पतीची शर्करा, प्रथिने आणि मातीतून आलेले बीजाणू थेट क्रीममध्ये जातात. ग्रेपफ्रूट बियांचा अर्क नैसर्गिक प्रिझर्वेटिव्ह म्हणून विकला जातो, पण बाजारातील अशा अनेक अर्कांच्या तपासणीत त्यांची जंतुनाशक शक्ती मिसळलेल्या कृत्रिम रसायनांमुळे असल्याचे आढळले आहे. “नैसर्गिक” असे लेबल पाहून त्यावर विसंबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

५. फ्रिजमध्ये ठेवले तर चालेल का?

फ्रिज वाढ मंदावतो, थांबवत नाही, आणि काही जिवाणू थंडीतही वाढतात. प्रिझर्वेटिव्ह नसलेले पाण्याचे मिश्रण फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे. त्याहून जास्त दिवस ठेवायचे असेल तर प्रश्न ६ पाहावा.

६. मग नेमके कोणते प्रिझर्वेटिव्ह घ्यावे? एकच नाव सांगा.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि एकच नाव सांगता येत नाही याचे कारण असे की प्रिझर्वेटिव्ह पाककृतीला शोभावे लागते. निवडण्याआधी तयार मालाचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) किती असणार, तो त्वचेवर राहणार की धुतला जाणार, आणि त्यात वनस्पतींचे किती पदार्थ आहेत, या तीन गोष्टी ठरवाव्यात. त्यानंतर घरगुती कामासाठी खालील मिश्रणांचा विचार करावा.

फिनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीन यांचे तयार मिश्रण नवशिक्यांसाठी आम्हांला सर्वांत भरवशाचे वाटते. ते पीएचच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात काम करते, धन किंवा ऋण भार असलेल्या घटकांशी सहसा भांडत नाही आणि ०.८ ते १ टक्का पुरते. युरोपीय संघाने फिनॉक्सीइथेनॉलची कमाल मर्यादा १ टक्का ठेवली आहे, म्हणून “थोडे जास्त घालू” असे करू नये. बुरशी आणि यीस्टवर त्याची पकड जिवाणूंइतकी मजबूत नसते, आणि पूर्ण १ टक्का घातल्यावर काही क्रीम थोडी पातळ होतात.

बेंझिल अल्कोहोल आणि डीहायड्रोॲसेटिक ॲसिड यांचे मिश्रण नैसर्गिक मालाच्या प्रमाणपत्रांना चालते, म्हणून लोकप्रिय आहे. ते पीएच ६ च्या खाली, आणि शक्य असेल तर ५.५ च्या खाली वापरावे. त्याला बदामासारखा हलका वास असतो आणि बिनवासाच्या क्रीममध्ये तो जाणवतो.

सोडिअम बेंझोएट आणि पोटॅशिअम सॉर्बेट ही जोडी स्वस्त आहे आणि सहज मिळते, पण चुका सर्वांत जास्त तिच्याच बाबतीत होतात. हे क्षार स्वतः काम करत नाहीत. आम्लात त्यांच्यापासून बेंझोइक आणि सॉर्बिक ॲसिड तयार होते आणि जिवाणूच्या आत शिरते ते तेच. बेंझोएटचा जेवढा भाग असा कामाचा असतो तो पीएच ४.२ ला निम्मा, पीएच ५ ला सुमारे १४ टक्के आणि पीएच ६ ला जेमतेम दीड टक्का उरतो. म्हणजे पीएच ६.५ च्या क्रीममध्ये बेंझोएट मापून, नीट विरघळवून घातले तरी ते न घातल्यासारखेच आहे. ही जोडी वापरायची असेल तर पीएच ५ च्या वर जाऊ देऊ नये, आणि ४.५ च्या आसपास ठेवावा.

७. पीएच घरी कसा मोजावा आणि कमी कसा करावा?

पीएचच्या पट्ट्या प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळतात. इंदूरमध्ये दवा बाजार परिसरात आधी चौकशी करून पाहावी. १ ते १४ अशी सरसकट पट्टी न घेता, ४ ते ७ या पट्ट्यात अर्ध्या अंशाचा फरक दाखवणारी घ्यावी. घट्ट क्रीमवर पट्टी नुसती टेकवली तर तेलामुळे ती नीट भिजत नाही, रंग डागाडागांनी चढतो आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा दिसतो. म्हणून एक ग्रॅम क्रीम नऊ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून, त्या दुधट पाण्यात पट्टी बुडवून वाचावी.

पीएच उतरवण्यासाठी सायट्रिक ॲसिडचे, म्हणजे लिंबूसत्त्वाचे दहा टक्क्यांचे द्रावण थेंबाथेंबाने घालावे आणि दर वेळी ढवळून पुन्हा मोजावे. कोरडे स्फटिक एकदम टाकू नयेत. तिथल्या तिथे पीएच फार खाली जातो आणि बेंझोइक ॲसिडचे पांढरे कण सुटे होतात, जे पुन्हा सहज विरघळत नाहीत. उरलेले द्रावण साठवू नये, कारण त्यातही बुरशी धरते. लिंबाचा रस या कामाला चालत नाही. त्याची आम्लता दर लिंबागणिक बदलते आणि त्यातली साखर जंतूंच्या पोटात जाते.

दोन दिवसांनी पीएच पुन्हा मोजावा. काही मिश्रणांत तो सरकतो, विशेषतः ग्लुकोनोलॅक्टोन असलेल्या प्रिझर्वेटिव्हमध्ये तो हळूहळू खाली येतो.

८. दोनशे ग्रॅम क्रीमला किती थेंब घालू?

थेंबांत मोजू नये. ड्रॉपरचे तोंड आणि द्रवाचा घट्टपणा यांप्रमाणे थेंबाचे वजन बदलते. दोनशे ग्रॅमला १ टक्का म्हणजे २ ग्रॅम, आणि ते ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या लहान काट्यावर मोजावे. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे उपयोगाचा नाही, कारण तो २ ग्रॅम दाखवत असेल तेव्हा खरे वजन दीडही असू शकते. पुरवठादाराकडून तांत्रिक माहितीपत्रक अवश्य मागून घ्यावे आणि प्रमाण त्यातले पाळावे. एकाच नावाची दोन मिश्रणे वेगवेगळ्या तीव्रतेची असतात.

९. प्रिझर्वेटिव्ह गरम असताना घालावे की थंड झाल्यावर?

फिनॉक्सीइथेनॉलची आणि बेंझिल अल्कोहोलची मिश्रणे क्रीम ४० ते ४५ अंशांपर्यंत निवल्यावर घालून चांगली ढवळावीत. सोडिअम बेंझोएट आणि पोटॅशिअम सॉर्बेट मात्र सुरुवातीलाच पाण्यात विरघळवून घ्यावेत आणि पीएच सर्वांत शेवटी उतरवावा.

१०. कंडिशनरला क्रीमचेच प्रिझर्वेटिव्ह चालते का?

बहुतेक वेळा चालते, पण कंडिशनरचा स्वभाव वेगळा आहे. केसांना मऊपणा देणारे बीटीएमएस आणि सेट्रिमोनिअम क्लोराइड हे घटक धनभारित असतात. ते स्वतः जिवाणूंना थोडेफार रोखतात, शिवाय कंडिशनरचा पीएच ४ ते ४.५ ठेवणे केसांच्याही हिताचे असते, कारण तेवढ्या आम्लात केसांचे खवले मिटलेले राहतात. म्हणून आम्लात काम करणारी प्रिझर्वेटिव्हे इथे क्रीमपेक्षा जास्त शोभतात.

अडचण एकच आहे. सोडिअम बेंझोएट ऋणभारित असल्यामुळे धनभारित घटकांशी त्याची गाठ पडून मिश्रण दाणेदार किंवा पातळ होण्याची शक्यता असते. ते वापरायचेच असेल तर कमी प्रमाणात वापरावे आणि पहिली खेप शंभर ग्रॅमचीच करून आठवडाभर पाहावी. ही काळजी नको असेल तर फिनॉक्सीइथेनॉलचे किंवा बेंझिल अल्कोहोलचे मिश्रण घ्यावे. त्यांना भार नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. “धुऊनच टाकायचे आहे, मग प्रिझर्वेटिव्ह कमी चालेल” असे अनेकजण लिहितात. तसे नाही, कारण कंडिशनरची बाटली न्हाणीघरात दमट हवेत उभी असते आणि तिच्या तोंडातून शॉवरचे पाणी आत जाते.

११. नर्मदेचे पाणी गाळून, उकळून वापरले तर? की आर.ओ.चे?

दोन्हींपेक्षा सीलबंद डिस्टिल्ड वॉटर चांगले. उकळल्याने जिवाणू मरतात, पण क्षार आणि लोह, तांबे यांचे अंश तसेच राहतात, आणि बोअरवेलच्या पाण्यात क्षार जास्तच असतात. हे धातू तेल लवकर खवट करतात. आर.ओ. यंत्र क्षार कमी करते, पण त्याच्या टाकीत आणि नळीत जिवाणू वाढू शकतात. बॅटरीसाठी विकले जाणारे पाणी त्वचेच्या कामासाठी तपासलेले नसते, तेव्हा ते घेऊ नये.

पाणी चांगले असले तरी ०.१ ते ०.२ टक्के डायसोडिअम ईडीटीए किंवा सोडिअम फायटेट घालण्याची आम्ही आग्रहाने शिफारस करतो. ते धातू बांधून ठेवते आणि सुडोमोनससारख्या चिवट जिवाणूंचे बाहेरचे आवरण कमजोर करून प्रिझर्वेटिव्हला आत शिरायला वाट देते. एवढ्याशा खर्चात इतका फरक पाडणारा दुसरा घटक आम्हांला माहीत नाही.

१२. ताजी कोरफड, जास्वंदीचा लगदा, तांदळाचे पाणी, मेथीचे पाणी कंडिशनरमध्ये घालून टिकवता येईल का?

घरच्या साधनांनी नाही. ताज्या वनस्पतीतील जंतूंचा भार इतका असतो की १ टक्का प्रिझर्वेटिव्ह त्यांच्याशी लढण्यातच खर्च होते. असे पदार्थ आवडत असतील तर ते त्याच दिवशी केसांना लावून धुऊन टाकावेत. टिकाऊ कंडिशनरमध्ये कोरफडीची कोरडी पावडर, जास्वंदीचा ग्लिसरीनमधला तयार अर्क किंवा हायड्रोलाइज्ड (बारीक तुकडे केलेले) तांदूळ प्रथिन वापरावे. यांतही प्रिझर्वेटिव्ह लागतेच. बाजारातल्या गुलाबपाण्यावर घटकांची यादी नसेल तर त्यात कोणते प्रिझर्वेटिव्ह किती आहे हे कळत नाही, म्हणून ते पाण्याच्या जागी वापरू नये.

१३. पॅराबेन गटातल्या प्रिझर्वेटिव्हने कर्करोग होतो म्हणतात. ते टाळावे का?

ही भीती २००४ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासापासून पसरली. त्यात स्तनाच्या गाठींच्या ऊतींमध्ये पॅराबेन आढळले होते. मात्र ते तिथे असण्याने गाठ झाली असे त्या अभ्यासात सिद्ध झालेले नव्हते, आणि निरोगी ऊतींशी तुलनाही केलेली नव्हती. युरोपीय संघाने पुढे आयसोप्रोपिल, आयसोब्युटिल यांसारख्या काही पॅराबेनवर बंदी घातली, पण मिथिल आणि इथिल पॅराबेनला प्रत्येकी ०.४ टक्क्यापर्यंत परवानगी कायम ठेवली. मर्यादेत वापरलेले मिथिल पॅराबेन बुरशी लागलेल्या क्रीमपेक्षा खूपच सुरक्षित आहे. व्यवहारातली त्याची खरी उणीव वेगळी आहे : पॉलिसॉर्बेटसारखे इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकजीव करणारे घटक) त्याला अडकवून निकामी करतात आणि सुडोमोनसवर ते दुबळे पडते.

१४. डीएमडीएम हायडँटोइन, डायझोलिडिनिल युरिया आणि आयसोथायाझोलिनोन या प्रिझर्वेटिव्हांचे काय?

पहिली दोन हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडून काम करतात. ती प्रभावी आहेत, पण फॉर्मल्डिहाइडची ॲलर्जी असलेल्यांनी ती टाळावीत. मिथाइलक्लोरोआयसोथायाझोलिनोन आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोन यांचे मिश्रण त्वचेची ॲलर्जी करण्यात कुप्रसिद्ध आहे. युरोपमध्ये ते फक्त धुऊन टाकायच्या मालात आणि तेही ०.००१५ टक्क्यापर्यंतच चालते. घरच्या काट्यावर इतके अचूक मोजता येत नाही, म्हणून घरी ते वापरू नये.

१५. प्रिझर्वेटिव्ह मापून घातले, पीएचही बरोबर होता, तरी झाकणाला बुरशी आली. असे का?

बहुधा क्रीम कोमट असतानाच बरणी भरून झाकण लावले गेले असेल. अशा वेळी वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रूपाने साचते. या थेंबांत प्रिझर्वेटिव्ह जवळपास नसते, कारण ते खाली क्रीममध्येच राहते. मग झाकणाच्या आट्यांत आधी करडा-हिरवा वेढा दिसतो आणि थेंब क्रीमवर पडतात तिथे ठिपके उमटतात. क्रीम खोलीच्या तापमानाला पूर्ण निवल्यावरच भरावे आणि तोवर भांडे स्वच्छ कागदाने झाकून ठेवावे.

दुसरे कारण भांड्यांचे असते. बरण्या, ब्लेंडर आणि उलथनी साबणाने धुऊन, वाळवून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत. ९९ टक्क्यांचे अल्कोहोल या कामाला कमी पडते, कारण त्यातले पाणीच अल्कोहोलला जंतूंच्या आत शिरायला मदत करते. रुंद तोंडाच्या बरणीपेक्षा पंपाची बाटली नेहमी बरी. खूप तेल असलेल्या क्रीममध्ये प्रिझर्वेटिव्हचा बराच भाग तेलात ओढला जातो, तेव्हा तिथे नेमून दिलेल्या पट्ट्यातले वरचे प्रमाण घ्यावे. बुरशी लागलेला थर वरून काढून उरलेले वापरू नये.

१६. किती दिवस टिकेल, हे घरी कसे तपासावे?

क्रीम फाटते का, पीएच सरकतो का, रंग आणि वास बदलतो का, हे तीन महिने घरी पाहता येते. त्यासाठी एक बरणी सावलीत आणि एक उन्हाळ्याच्या गरम खोलीत ठेवावी. जंतू मात्र प्रयोगशाळेतच मोजता येतात. तिथल्या खऱ्या कसोटीत मालात पाच ठरावीक जंतू मुद्दाम सोडले जातात आणि ते किती लवकर मरतात हे २८ दिवस पाहिले जाते. ही कसोटी झालेली नसेल तर घरचे क्रीम तीन महिन्यांत संपवावे आणि बरणीवर तारीख लिहावी.

१७. शतधौत घृताला प्रिझर्वेटिव्ह लागते का? त्यात तर तूपच असते.

तूप शंभर वेळा पाण्याने धुताना त्यात बारीक थेंबांच्या रूपाने पाणी अडकते, म्हणूनच ते पांढरे आणि लोण्यासारखे होते. तेव्हा ते निव्वळ तूप राहत नाही. थेंब सुटे सुटे आणि चरबीने वेढलेले असल्याने जंतूंची वाढ मंद होते, पण थांबत नाही. धुताना घातलेले प्रिझर्वेटिव्ह पाण्याबरोबर निघून जाते, त्यामुळे इथे आम्ही स्वच्छतेवरच भर देतो. शेवटची धुणी डिस्टिल्ड वॉटरची करावीत, सुटे पाणी नीट निथळवावे, कोरड्या चमच्याने घ्यावे, थोडेच करावे आणि फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावे. तांब्याच्या पात्राचा आग्रह परंपरेत असला तरी तांब्याचे अंश तूप लवकर खवट करतात, म्हणून साठवणूक काचेत करावी.

१८. व्हिटॅमिन सी असलेल्या क्रीममध्ये सोडिअम बेंझोएट चालेल का?

टाळावे. आम्लात आणि धातूंच्या अंशांच्या सान्निध्यात ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि बेंझोएट यांच्यापासून अल्प प्रमाणात बेंझिन तयार होऊ शकते. तिथे प्रश्न ६ मधले फिनॉक्सीइथेनॉलचे मिश्रण घ्यावे.

१९. तान्ह्या बाळासाठी काय वापरावे?

बाळाला बिनपाण्याचा बाम किंवा साधे तेल पुरते. पाण्याचे क्रीमच हवे असेल तर ते घरी न करता तपासणी झालेले विकत घ्यावे. आयोडोप्रोपिनिल ब्युटिलकार्बामेट हे प्रिझर्वेटिव्ह असलेली मिश्रणे तीन वर्षांखालील मुलांच्या क्रीममध्ये घालू नयेत.

२०. महिला मंडळाच्या प्रदर्शनात थोड्या बरण्या ठेवल्या तर परवाना लागतो का?

विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने तयार करायची असतील तर औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार राज्याच्या परवाना प्राधिकरणाचा उत्पादन परवाना लागतो. बरण्या दहा आहेत की हजार, यावर ते अवलंबून नाही. प्रिझर्वेटिव्ह निवडताना भारतीय मानक आयएस ४७०७ मधील मर्यादा पाळाव्या लागतात, आणि लेबलवर घटक, खेप क्रमांक आणि वापराची मुदत द्यावी लागते. परवाना हाती येईपर्यंत प्रदर्शनात कोरडे उटणे ठेवले तरी तेही सौंदर्यप्रसाधनच मानले जाते, म्हणून त्यालाही हाच नियम लागू होतो.